कोंड्यातलं फेरुलिक ॲसिड: फायदे किती खरे आणि ते शरीरापर्यंत कसं पोचवायचं

बारीक चाळणीने पीठ चाळलं की कोंडा वेगळा होतो, आणि त्याच्याबरोबर गव्हातलं फेरुलिक ॲसिडही जवळजवळ सगळं निघून जातं. अख्ख्या गव्हाच्या १०० ग्रॅम पिठात ते साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम असतं. मैद्यात जेमतेम दहा-बारा मिलिग्रॅम उरतं. नुसत्या कोंड्यात मात्र १०० ग्रॅममागे अर्धा ते दीड ग्रॅम, आणि मक्याच्या कोंड्यात तर दोन-तीन ग्रॅमही सापडतं.

हे आकडे वाचून पुष्कळ जण कोंड्याची पिशवी आणतात आणि चमच्या-चमच्याने खायला लागतात. पण कोंड्यात असलेलं सगळं फेरुलिक ॲसिड रक्तात पोचत नाही. बरंचसं तर तसंच बाहेर पडतं. म्हणून कोणत्या पदार्थात ते किती आहे, या प्रश्नावर मी या लेखात कमी वेळ घालवणार आहे. ते सोडवून कसं घ्यायचं, हा कामाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बरंचसं स्वयंपाकघरातच मिळतं.

आधी थोडी ओळख

फेरुलिक ॲसिड हे वनस्पतींमधलं एक फिनॉलिक आम्ल आहे. कॉफीतलं कॅफेइक ॲसिड याच कुळातलं. १८६६ मध्ये ते पहिल्यांदा हिंगाच्या जातीच्या झाडाच्या डिंकातून वेगळं काढलं गेलं आणि नावही त्या झाडाच्या ‘फेरुला’ या शास्त्रीय नावावरून पडलं. हिंग आपण चिमूटभर खातो, त्यामुळे आहाराच्या दृष्टीने खरा साठा धान्याच्या सालीतच.

झाडाला ते लागतं मजबुतीसाठी. पेशींच्या भिंतीत अरॅबिनोझायलान नावाच्या लांब साखळ्या असतात. विटांमधल्या सिमेंटसारखं फेरुलिक ॲसिड या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे दाण्याचं कवच टणक होतं, कीड आणि बुरशीला सहज शिरता येत नाही. गव्हातलं नव्वद टक्क्यांहून जास्त फेरुलिक ॲसिड असं बांधलेलं असतं. आपल्या जठरात आणि लहान आतड्यात ही गाठ सोडवणारी यंत्रणा फारच तोकडी आहे. सुटं असलेलं थोडं ॲसिड खाल्ल्यावर तासाभरात रक्तात दिसतं. बांधलेलं पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू एस्टरेज नावाच्या विकरांनी ते सोडवतात, त्याचं डायहायड्रोफेरुलिक ॲसिड आणि आणखी लहान रेणू करतात, आणि त्यांतले काही मग शोषले जातात. म्हणजे एकच कोंडा दोघांनी खाल्ला तरी लाभ सारखा होईलच असं नाही; आतड्यात कोणते जिवाणू वस्तीला आहेत त्यावर तो अवलंबून.

दाव्यांची छाननी

कुठलाही बदल करण्याआधी आपण कशाच्या आशेने तो करतोय हे स्पष्ट असावं. फेरुलिक ॲसिडबद्दल जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं परीक्षानळीतलं किंवा उंदरांवरचं आहे. मेंदू, स्मरणशक्ती, अल्झायमर, मधुमेह, कर्करोग हे सगळे दावे आज तरी याच खणात ठेवावेत.

‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. फेरुलिक ॲसिड मुक्त मूलकांना (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना) शांत करतं हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने पक्कं आहे. पण परीक्षानळीतला आकडा शरीरात तसाच लागू होत नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची यादी संकेतस्थळावर ठेवली होती. या आकड्यांचा मानवी आरोग्याशी थेट संबंध दिसत नाही आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, म्हणून २०१२ मध्ये ती काढून टाकली. वेष्टनावर अजूनही असे आकडे दिसले तर दुर्लक्ष करा.

माणसांवरचा चांगला पुरावा मोजकाच आहे. थायलंडमधल्या एका चाचणीत (२०१८) रक्तात चरबी वाढलेल्या ४८ जणांपैकी एका गटाला रोज १००० मिलिग्रॅम फेरुलिक ॲसिड दिलं, सकाळ-संध्याकाळ ५००-५००, सहा आठवडे. दुसऱ्या गटाला दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. फेरुलिक ॲसिडच्या गटात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल सुमारे ९ टक्क्यांनी, ट्रायग्लिसराइड १२ टक्क्यांनी उतरलं, आणि शरीरातला दाह दाखवणारं एचएस-सीआरपी ३० टक्क्यांहून थोडं जास्त कमी झालं. हे आशादायक आहे. पण लोक थोडे, काळ सहा आठवड्यांचा, आणि मोजले ते रक्तातले आकडे. हृदयविकाराचे झटके कमी झाले का, हे अशा चाचणीतून कळत नाही. शिवाय प्रमाण बघा. एलडीएल १५० असेल तर ९ टक्के घट म्हणजे ते १३६ वर येणार. कोलेस्टेरॉल उतरवणारं मध्यम ताकदीचं स्टॅटिन औषध ३० टक्के किंवा जास्त उतरवतं. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून याच्या मागे लागणं शहाणपणाचं नाही.

दुसरा पुरावा थेट अन्नाचा आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. इटलीतल्या एका अभ्यासात (२०१५) वजन जास्त असलेल्या, भाज्या-फळं कमी खाणाऱ्या लोकांना आठ आठवडे मैद्याऐवजी अख्ख्या गव्हाचे पदार्थ दिले. त्यांच्या रक्तात डायहायड्रोफेरुलिक ॲसिड वाढलं आणि टीएनएफ-अल्फा हा दाहकारक घटक कमी झाला.

मोठ्या लोकसमूहांवरच्या अभ्यासांत अख्खं धान्य खाणारे सरस ठरतात. २०१६ च्या एका एकत्रित विश्लेषणात रोज ९० ग्रॅम अख्खं धान्य खाणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका सुमारे १९ टक्के कमी दिसला. पण याचं श्रेय एकट्या फेरुलिक ॲसिडला देता येत नाही. त्याच दाण्यात तंतू आहेत, मॅग्नेशियम आहे, ई जीवनसत्त्व आहे. आणि अख्खं धान्य खाणारी माणसं इतर बाबतींतही बहुधा जपून वागतात. फेरुलिक ॲसिड या टोळीतलं एक, एवढंच म्हणता येतं. अन्नातून ते घेण्याच्या बाजूचा खरा युक्तिवादही हाच: सगळी टोळी एकदम पोटात जाते.

पायरी पहिली: पिठापासून सुरुवात

रोजच्या खाण्यातलं मुख्य धान्य बदललं की निम्मं काम झालं. दिवसाला २०० ग्रॅम अख्ख्या गव्हाचं पीठ पोटात गेलं तर शंभर ते दोनशे मिलिग्रॅम फेरुलिक ॲसिड जातं. तेवढ्याच मैद्यातून वीस-पंचवीस. घरी दळलेलं असेल तर चाळणी जाड भोकांची घ्या, किंवा खडे-काडी नसेल तर चाळूच नका. कोंडा टोचतो म्हणून चाळत असाल तर दळण आणखी बारीक करून बघा. कोंडा बारीक झाला की त्याचा पृष्ठभाग वाढतो, विकरांना आत शिरता येतं आणि शोषणही थोडं सुधारतं. टोचणं कमी होतं ते वेगळंच.

विकतचा पाव किंवा पीठ घेताना ‘मल्टीग्रेन’, ‘ब्राउन’, ‘हाय फायबर’ या शब्दांवर विसंबू नका. पाच धान्यांचा मैदासुद्धा मल्टीग्रेनच असतो, आणि पावाला तपकिरी रंग कॅरॅमलनेही येतो. घटकांच्या यादीत पहिलं नाव अख्ख्या धान्याचं आहे का ते बघा. नंतर पोषणतक्त्यात एकूण कर्बोदकांना दहाने भागा. तंतूंचा आकडा त्या भागाकाराइतका किंवा जास्त हवा. कर्बोदकं ५० ग्रॅम असतील तर तंतू ५ ग्रॅम तरी हवेत. ही कसोटी फेरुलिक ॲसिड मोजत नाही, पण ते तंतूंनाच चिकटलेलं असल्यामुळे अंदाज चांगला देते.

अख्खं पीठ लवकर खवट होतं, कारण कोंडा आणि अंकुराबरोबर तेलही आत येतं. म्हणून थोडं-थोडं दळून घ्या, हवाबंद डब्यात थंड जागी ठेवा. तांदळाचा कच्चा कोंडा तर दळल्यापासून काही तासांतच बिघडू लागतो; तो घ्यायचा तर उष्णता देऊन स्थिर केलेलाच घ्यावा.

पायरी दुसरी: इतर स्रोत जोडा

मका इथे सगळ्यांत वरचढ. मक्याच्या लाह्यांमध्ये १०० ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास फेरुलिक ॲसिड सापडलंय, म्हणजे ३० ग्रॅमच्या वाडग्यात नव्वदेक. लोणी आणि मीठ ओतून त्याचं वाटोळं करू नये, इतकंच. राय (गव्हासारखं एक धान्य), जव, ओट यांत गव्हासारखंच सालीत. बांबूच्या कोंबांतही ते भरपूर असतं.

टोमॅटो, वांगं, संत्रं, बीट यांत आकडे लहान आहेत, पण टोमॅटोबाबत एक जमेची बाजू आहे. टोमॅटो खाल्ल्यावर लघवीत किती फेरुलिक ॲसिड येतं हे मोजलं, तेव्हा खाल्लेल्यापैकी ११ ते २५ टक्के सापडलं. कोंड्याच्या मानाने हे प्रमाण चांगलं आहे. म्हणून थाळीत धान्य आणि भाज्या दोन्ही असावं.

कॉफीत फेरुलिक ॲसिड सुटं फारसं नसतं, पण तिच्यातल्या क्लोरोजेनिक ॲसिडपासून कॅफेइक ॲसिड सुटतं, आणि शरीर त्याला एक मिथाइल गट जोडून फेरुलिक ॲसिड बनवतं. कॉफी प्यायल्यावर काही तासांनी रक्तात डायहायड्रोफेरुलिक वाढतं. मोठं आतडं काढलेल्या लोकांत मात्र ते फारच कमी आढळतं. जिवाणूंचा वाटा किती मोठा आहे ते यावरून दिसतं. कॉफी चालत असेल तर तीही जमेला धरा. न चालणाऱ्याने यासाठी सुरू करू नये.

तांदळाच्या कोंड्याच्या तेलातला ओरायझॅनॉल म्हणजे स्टेरॉल आणि तत्सम अल्कोहोलांना जोडलेलं फेरुलिक ॲसिड. कच्च्या तेलात तो एक-दोन टक्के असतो. क्षार वापरून रिफाइन केलं की त्यातला मोठा भाग निघून जातो. ‘फिजिकली रिफाइन्ड’, म्हणजे क्षाराऐवजी वाफेने शुद्ध केलेल्या तेलात बराच टिकतो. तेल शेवटी तेलच, त्यामुळे नेहमीच्या तेलाऐवजी वापरा, वरून घालू नका.

पायरी तिसरी: गाठ सोडवा

हीच पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि ‘सुपरफूड’च्या याद्या नेमकी हीच गाळतात.

आंबवणं. यीस्ट आणि लॅक्टिक जिवाणू वाढताना पीठ आंबट होतं, धान्यातली स्वतःची विकरं जागी होतात, आणि काही लॅक्टिक जिवाणूंकडे तर फेरुलिक ॲसिड सोडवणारं एस्टरेज असतंच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गव्हाचा कोंडा यीस्ट आणि पेशीभिंत फोडणारी विकरं घालून आधी आंबवला, मग पावात घातला. साध्या कोंड्याच्या पावापेक्षा या पावातली फिनॉलिक आम्लं दोन ते तीन पट जास्त शोषली गेली. घरी ती विकरं नसतात, म्हणून इतका फरक पडणार नाही. पण दिशा तीच.

घरी करायचं तर असं. कोंडा एका भांड्यात घ्या, वजनाने चौपट कोमट पाणी घाला. कोंडा पाणी भरपूर पितो, त्यामुळे हे मिश्रण सरबरीत न राहता लापशीसारखं होतं. त्यात चिमूटभर यीस्ट किंवा आधीच्या आंबलेल्या पिठाचा लहान गोळा कालवा. झाकण सैल ठेवा, वायू निघायला वाट हवी. २० ते २५ अंशांच्या हवेत बारा ते वीस तास ठेवा. उकाड्यात आठ-दहा तास पुरतात. आंबटसर, ताजा वास आला की झालं. कधीकधी लवंगेसारखा वास जाणवतो. काही यीस्ट फेरुलिक ॲसिडपासून व्हिनाइलग्वायकॉल नावाचं सुगंधी द्रव्य करतात, त्याचा तो वास. गव्हाच्या काही बिअरची ओळखच ती. आपल्या दृष्टीने मात्र तेवढं ॲसिड खर्ची पडलं, म्हणून वास फार चढण्याआधी मिश्रण वापरा. रंगीत बुरशी, चिकट तार किंवा कुजका वास आला तर सगळं फेकून द्या. आंबलेला कोंडा कच्चा खायचा नाही. एकूण पिठाच्या दहा-पंधरा टक्के कोंडा पडेल अशा बेताने तो मळणीत घाला, मिश्रणातलं पाणी नेहमीच्या पाण्यातून वजा करा, आणि पूर्ण भाजा.

आंबवण्याचा आणखी एक लाभ आहे. कोंड्यातलं फायटिक आम्ल लोह आणि जस्त अडवून ठेवतं. आंबवताना ते बऱ्यापैकी फुटतं. रक्तात लोह कमी असलेल्यांसाठी न आंबवलेला कोंडा चमच्याने खाण्यापेक्षा ही वाट बरी.

उष्णता. शिजवल्याने पोषण जातं असं सरसकट म्हटलं जातं. इथे उलट आहे. २००२ च्या एका अभ्यासात मक्याचे दाणे ११५ अंशांवर २५ मिनिटं तापवले. क जीवनसत्त्व चतुर्थांश गेलं, पण फेरुलिक ॲसिड ५५० टक्क्यांनी वाढलं, म्हणजे बांधलेलं होतं ते सुटं झालं. प्रेशर कुकरमधलं तापमान याच्या आसपास असतं. मका किंवा अख्खे गहू कुकरला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ ठेवा आणि शिजवलेलं पाणी टाकू नका, सुटलेलं ॲसिड त्यात उतरतं.

चुन्याच्या निवळीत मका शिजवण्याची मेक्सिकोतली जुनी पद्धतही हेच करते, कारण क्षारात हे बंध लवकर तुटतात. मात्र ते पाणी फेकलं जातं आणि सुटलेल्यातलं बरंच त्यात वाहून जातं.

पायरी चौथी: वेग बेताचा ठेवा

एका आठवड्यात मैद्यावरून पूर्ण कोंड्यावर उडी मारली तर पोट फुगेल, वायू होईल आणि चौथ्या दिवशी तुम्ही हा नाद सोडाल. पहिल्या आठवड्यात एक चतुर्थांश पीठ बदला. त्रास नसेल तर दर आठवड्याला तेवढंच वाढवा. महिनाभरात बदल पूर्ण होतो. पाणी वाढवा, नाहीतर जास्त तंतूंनीच बद्धकोष्ठ होतं. जिवाणूंनाही नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि गाठ सोडवण्याचं काम शेवटी त्यांच्याकडेच आहे.

परिणाम बघायचा असेल तर सुरुवातीला उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल करा आणि दोन-तीन महिन्यांनी तेच पुन्हा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. मधल्या काळात औषधं, वजन, व्यायाम यांत काय बदललं ते लिहून ठेवा. नाहीतर श्रेय भलत्यालाच जातं.

गोळ्या घ्याव्यात का?

गोळीतलं फेरुलिक ॲसिड सुटं असतं, म्हणून झटकन शोषलं जातं आणि काही तासांत बाहेरही पडतं. वरच्या चाचणीत डोस दोनदा विभागून दिला होता तो बहुधा यासाठीच. तिथला रोजचा एक ग्रॅम अन्नातून गाठायचा तर शंभर ग्रॅमच्या आसपास कोंडा खावा लागेल, आणि तोही बांधलेला. म्हणजे गोळीचे निष्कर्ष अन्नाला आणि अन्नाचे गोळीला लावता येत नाहीत. विक्रेते नेमकं हेच करतात. अख्ख्या धान्याचा अभ्यास दाखवून डबी विकली जाते.

माझं मत विचाराल तर निरोगी माणसाला गोळीची गरज नाही. एलडीएल थोडं वाढलेलं आहे, डॉक्टर औषधाऐवजी आधी आहार बदलून बघा म्हणतायत, अशा वेळी त्यांना विचारून मर्यादित काळ घेता येईल. सहा आठवड्यांपलीकडचा अनुभव कमी आहे हे लक्षात ठेवून.

त्वचेवर लावायचं असेल तर

हा अगदी वेगळा वापर. २००५ मध्ये असं दिसलं की १५ टक्के क जीवनसत्त्व आणि १ टक्का ई जीवनसत्त्वाच्या द्रावात अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड घातलं तर द्राव टिकतो, आणि अतिनील किरणांपासून मिळणारं संरक्षण चारपटीवरून आठपट होतं. तो प्रयोग डुकराच्या त्वचेवर होता. असं सीरम सकाळी धुतलेल्या, कोरड्या चेहऱ्यावर चार-पाच थेंब लावतात आणि वरून सनस्क्रीन. सनस्क्रीनची जागा ते घेत नाही. द्राव आम्लधर्मी असल्याने चुरचुरू शकतो, म्हणून आधी कानामागे लावून एक दिवस थांबा. बाटली गडद काचेची हवी. द्राव गडद तपकिरी झाला की त्यातलं क जीवनसत्त्व संपलंय असं समजा.

कोणी सांभाळून

वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू असेल तर फेरुलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ते रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सचं एकत्र येणं कमी करतं, आणि चीनमध्ये सोडियम फेरुलेट हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारांत औषध म्हणून वापरलं जातं. म्हणजे ते अगदी निरुपद्रवी चूर्ण नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर घेत असल्याचं आधीच सांगा. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी अन्नापुरतं थांबावं.

सिलिॲक आजार (ग्लुटेन न सोसणारं आतडं) असलेल्यांना गहू, राय, जव वर्ज्यच; मका आणि ग्लुटेनमुक्त असल्याची खात्री असलेले ओट हा त्यांचा मार्ग. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कोंड्यातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम अडचणीचं ठरू शकतं. आतड्याचा भाग अरुंद झालेला असेल किंवा नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर कोंडा वाढवण्याआधी विचारा. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी कोंड्याचा पदार्थ आणि गोळी यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण तंतूंमुळे ती नीट शोषली जात नाही. आणि तांदळाचा कोंडा रोज, भरपूर, लहान मुलांना देऊ नका. तांदळातलं असेंद्रिय आर्सेनिक कोंड्यातच जास्त साठतं.